पाटीवरची रूबी

ओझेलाने पाटीवरचं प्लास्टिक एका हिसक्यात ओढून काढलं, चष्मा नाकावर नीट बसवला आणि पाटी वाचली. मग पुन्हा वाचली.

"हे काय आहे?"

"पाटी," शनीस म्हणाली. "झकास झालीय ना, मिस ओझेला? अस्सल पितळ आहे हां. मंडळाने कंजुषी नाही केली."

"मी पितळेचं विचारत नाहीये. हे रूबी काय आहे?"

काउंटी हायस्कूलच्या वाचनालयातल्या लांब टेबलावर पाटी पडली होती. उद्या सकाळी ती दारावर लागायची होती. ‘रूबी टी. गॅड्सडेन वाचनालय’, आणि खाली बारीक अक्षरांत, ‘दोन्ही शाळांच्या लाडक्या शिक्षिका’. शनीस व्हिटलो शिक्षण मंडळाच्या कचेरीत समारंभ, सत्कार असलं सगळं बघायची. जेमतेम तिशीची, आपल्यातलीच काळी पोर, अटलांटाला शिकून आलेली. कामाला चोख होती, मनाने वाईट नव्हती, आणि ओझेलाला त्या क्षणी तिच्या दोन थोबाडीत द्याव्यात असं वाटत होतं.

"मी तुला फोनवर सांगितलं. मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर सांगितलं. मिसेस आर. टी. गॅड्सडेन. एवढंच लिहायचं होतं."

"हो, पण मंडळाचा नियम आहे ना, पूर्ण नाव हवं. नुसती अक्षरं फार कोरडी वाटतात हो. पोरांना वाटायला हवं की ही आपलीच कोणीतरी आहे. आणि मिस रूबी किती गोड–"

"तोंड सांभाळ."

शनीस हळूच म्हणाली, "मिस ओझेला, माझं काही चुकलं का?"

"आणि मला मिसेस प्रायर म्हण. मी काही तुझ्या अंगणात खेळायला आलेली नाहीये. रूबी हे नाव तुला कोणी दिलं?"

"शाळेच्या जुन्या वार्षिकांकात आहे, फोटोखाली. त्या काळचे लोक पण तेच सांगतात. तुम्ही तर त्यांच्या विद्यार्थिनी. तुम्हालाही माहीत असणारच की."

माहीत होतं, आणि दुखणं नेमकं तेच होतं. ओझेलाने पर्स उचलली, पाटीकडे न बघता दाराकडे निघाली. पार्किंगमध्ये गाडीत बसल्यावर तिच्या लक्षात आलं की प्लास्टिकचा तो कागद अजून आपल्या मुठीतच आहे.

आमच्या गावात त्या काळी काळ्या बाईचं पहिलं नाव उघड्यावर ठेवायची सोय नव्हती. ते हाती लागलं की दुकानातलं मिसरूड न फुटलेलं गोरं पोरगंसुद्धा साठीच्या बाईला एकेरीत हाक मारायचं. मिसेस हा शब्द आमच्यासाठी त्यांच्या जिभेला वळायचाच नाही. म्हणून जाणत्या बायका नावाच्या जागी दोन अक्षरं लावायच्या. दारावर दोन अक्षरं, बँकेत दोन अक्षरं, पाकिटावर दोन अक्षरं. नावच माहीत नाही म्हटल्यावर समोरच्याला झक मारत आडनाव घ्यावं लागायचं. हिकरी ग्रोव्हच्या आमच्या शाळेत मुख्याध्यापक प्रोफेसर मॅकलरिनपासून बँडच्या मास्तरांपर्यंत सगळे असेच अक्षरांचे धनी होते, आणि आम्हा पोरांना त्यात काही वेगळं वाटत नसे.

गॅड्सडेनबाई तिथे बीजगणित आणि त्रिकोणमिती शिकवायच्या. गोऱ्यांच्या शाळेने टाकून दिलेली पुस्तकं आमच्याकडे यायची, पानं फाटलेली, कडेला आमच्यासाठी लिहिलेल्या शिव्या. बाई आदल्या रात्री बसून त्या शिव्या खोडायच्या आणि फाटलेल्या पानांवरची गणितं स्वतःच्या हाताने लिहून चिकटवायच्या. ओझेलाची आई कपडे धुवायला सहा घरं फिरायची; पोरीच्या पायांत हिवाळ्याचे बूट नाहीत हे आईच्या आधी बाईंना कळलं. बूट आले, पण "माझ्या पुतणीला लहान झाले गं, तू वापरून टाक" असं म्हणत आले. खोकं नवंकोरं होतं.

सत्तर साली कोर्टाने दोन्ही शाळा एक करायला लावल्या. एक करायच्या म्हणजे आमची बंद करायची, दुसरं काय! आमच्या पोरांनी जिंकलेल्या कप-ढाली कचऱ्याच्या ट्रकमध्ये गेल्या. ज्या प्रोफेसर मॅकलरिननी ती शाळा उभी केली त्यांना बसगाड्यांच्या डेपोत टायर मोजायला बसवलं. बँडच्या मास्तरांना सरळ नारळ दिला. आणि गॅड्सडेनबाईंना गोऱ्यांच्या काउंटी हायस्कुलात स्टडी हॉल दिला, म्हणजे मोकळ्या तासाला पोरं जिथे गप्प बसवतात ती खोली. काळ्या बाईने आपल्या पोरांना गणित शिकवलेलं गोऱ्या आईबापांना चालणार नव्हतं.

त्याआधीच्या उन्हाळ्यात बाईंनी ओझेलाच्या वर्गाला रोज आपल्या व्हरांड्यात बोलावलं होतं. पोरांना दोन रांगांत उभं करून मधून एकेकीला चालायला लावायच्या. रांगेतल्यांनी धक्के मारायचे, नको नको ते बोलायचं, आणि चालणारीने वह्या न पाडता पलीकडे जायचं. त्यानंतर लिंबाचं सरबत, आणि मग पुढच्या वर्षाचं सगळं बीजगणित. "तिथे तुम्हाला फळ्यापाशी कोणी बोलावणार नाही," बाई म्हणायच्या, "तेव्हा आत्ताच शिकून घ्या."

तसंच झालं. वर्षभरात ओझेलाला एकदाही कोणी फळ्यापाशी बोलावलं नाही. तिचं गणित स्टडी हॉलमध्ये पुरं झालं. तिथे बोलायला बंदी होती, बाईंनाही. म्हणून बाई बाकांमधून फेऱ्या मारायच्या आणि चुकलेल्या ओळीवर बोट ठेवायच्या. एक शब्द नाही, नुसतं बोट. ओझेला खोडायची, पुन्हा मांडायची. पुढच्या फेरीला बोट आलं नाही की समजायचं, बरोबर आहे.

आणि मग मधेच भिंतीवरचा भोंगा खरखरायचा. हेडमास्तर डेन्टनचा आवाज यायचा, "रूबीला ऑफिसात पाठवा."

मिसेस नाही, गॅड्सडेन नाही. गोऱ्या शिक्षिकांना तोच भोंगा नावानिशी, मानाने बोलवायचा. बाई पेनाला टोपण लावायच्या, जॅकेटची बटणं बघायच्या आणि मान ताठ ठेवून जायच्या. मागच्या बाकांवरची गोरी पोरं नाकातून ‘रूऽबी, रूऽबी’ करायची. ओझेला तेव्हा सोळा वर्षांची होती. तिने दातांनी पेन्सिली चावून फोडल्या, पण ते नाव तिने कधी स्वतःच्या तोंडून काढलं नाही.

आणि आता तेच नाव पितळेत ओतून ठेवलं होतं. वाचनालयाला नाव द्यायची टूम निघाली तेव्हा बाई तयारच नव्हत्या. ओझेलानेच मागे लागून हो म्हणवून घेतलं. बाईंची एकच अट होती: "मी माझं नाव लिहिते तसं लावणार असतील तर लावू देत." ओझेलाने शब्द दिला होता.

ओझेला पोचली तेव्हा बाई व्हरांड्यात बसून शेंगा सोलत होत्या. एक्क्याण्णवावं वर्ष, पण पायांत मोजे, कानांत मोती, केस नीट बसवलेले. कोणी येणार असो वा नसो, दुपारी तीननंतर गॅड्सडेनबाई अशाच दिसायच्या.

"बस. आणि नुसती बसू नकोस, दोन शेंगा घे. काय झालं?"

"कुठे काय?"

"ओठ चावतेयस. गणित अडलं की चावायचीस तशी."

ओझेलाने मूठभर शेंगा मांडीवर घेतल्या. एक सोलली. "बाई, पाटी चुकली."

"गॅड्सडेनचं काहीतरी करून ठेवलं असेल. नेहमीचंच आहे."

"गॅड्सडेन बरोबर आहे. त्यांनी... त्यांनी पहिलं नाव घातलं."

बाईंचे हात थांबले. भीती अशी ओझेलाने त्या चेहऱ्यावर कधी पाहिली नव्हती. धक्काबुक्कीच्या दिवसांतही नाही. आज ती स्पष्ट दिसली.

"कसं कळलं त्यांना?"

"बाई, ते तर सगळ्यांनाच... तो भोंगा..."

"काय लिहिलंय?"

"मी नाही म्हणणार."

"ओझेला. काय लिहिलंय?"

"रूबी."

बाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांचे खांदे हलायला लागले. ओझेला घाबरून उठली, तेवढ्यात तिच्या लक्षात आलं की बाई हसतायत. इतक्या हसल्या की मांडीवरचं भांडं घसरलं आणि दाणे फरशीभर झाले.

"अगं बाई गं! रूबी! अजून आहे का ती?"

"म्हणजे? रूबी कोण?"

"मला काय ठाऊक! जा, डेन्टनला विचार. बॅप्टिस्टांच्या स्मशानात पडलाय." बाईंनी डोळे पुसले. "पहिल्या दिवशी मला ऑफिसात बोलावलं. बस म्हणाला नाही. माझी कागदपत्रं हातात. विचारतो, हे आर म्हणजे काय? म्हटलं, आर म्हणजे आर. म्हणाला, मी माझ्या शाळेत कोणाला अक्षरांनी हाक मारत नसतो. म्हटलं, मग मिसेस गॅड्सडेन म्हणा. हसला मेला. म्हणाला, तुझा चेहरा रूबीसारखा आहे. आमच्या घरी स्वयंपाकाला रूबी होती, गुणी होती बिचारी. आजपासून तू रूबी."

ओझेलाच्या हातातली शेंग चिरडली गेली.

"आणि तुम्ही ऐकून घेतलंत?"

"मग काय करू? हे माझं नाव नाही म्हटलं असतं, तर पुढचा प्रश्न काय? मग खरं काय आहे? आणि ते एकदा त्याला सांगितलं की गेलं भोंग्यावर. आईने ठेवलेलं नाव माझं, ते त्याच्या तोंडात घालू? म्हटलं घे, रूबी तर रूबी. मार किती हाका मारायच्या त्या. उठून जाताना मनात म्हणायचे, चला बाई, बघू या त्या रूबीकडे काय काम निघालंय."

हे सांगताना बाई पुन्हा हसल्या. मग हसू ओसरलं, आणि त्याच्या जागी जे आलं ते ओझेलाने आजवर पाहिलं नव्हतं.

"लाडक्या शिक्षिका लिहिलंय का गं त्यावर?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"असलंच लिहितात. दोन्ही शाळांच्या, होय ना?" बाईंनी खुर्चीचा हात घट्ट धरला. "एका शाळेत शिक्षिका होते मी. दुसरीत राखणदार. अकरा वर्षं! भिंतीपलीकडे तो फुटबॉलचा कोच बीजगणित शिकवायचा. अपूर्णांकाचा भागाकार येत नव्हता त्या माणसाला. मला सगळं ऐकू यायचं, ओझेला. पोरांना चुकीचं शिकवत असलेला ऐकू यायचा, आमच्या आणि त्यांच्याही, आणि मी इकडे शू शू करत बसलेली. एकदा तरी कोणी दार उघडून म्हणालं असतं, मिसेस गॅड्सडेन, हा घ्या खडू. एकाने नाही म्हटलं. आणि आता पितळ घेऊन आलेत!"

रस्त्यावरून जाणाऱ्या शेजाऱ्याने हात केला. बाईंनी मान लववून उत्तर दिलं आणि तो वळणापलीकडे जाईपर्यंत चेहरा नीट ठेवला.

"मी आत्ता जाते," ओझेला म्हणाली. "ती पाटी उचलून तळ्यात फेकते. बघतेच कसा होतो उद्याचा समारंभ."

"हात लावायचा नाही तिला."

"पण बाई, धडधडीत खोटं आहे ते!"

"म्हणून तर लागू दे. माझं नाव त्या इमारतीत कधी गेलं नाही, आता मरणाच्या तोंडाशी कशाला धाडू? तिथे जी राबली ती रूबी. तिचा सत्कार होऊ दे, माझी काही हरकत नाही."

"तुम्ही येणार नाही?"

"मला कुठे बोलावलंय?"

ओझेला खाली वाकून दाणे वेचायला लागली.

"इकडे ये," बाई म्हणाल्या. "अशी जवळ ये. कान कर."

ओझेला गुडघ्यांवरच पुढे सरकली. बाईंनी तिच्या कानाशी तोंड नेऊन एक शब्द सांगितला.

"माझा नवरा गेला, आई तर कधीच गेली. आता ते म्हणणारं कोणी नाही. सरकारी कागदांना ठाऊक आहे, पण कागद काही हाक मारत नाहीत. तू म्हण बघू एकदा."

"मी? बाई, मी तुमचं नाव कसं घेऊ?"

"मी सांगतेय ना. म्हण."

ओझेलाने ते म्हटलं. छप्पन्न वर्षांची, नातवंडं असलेली बाई, पण आवाज लहान मुलीसारखा निघाला. गॅड्सडेनबाईंनी डोळे मिटून घेतले होते.

"हं," थोड्या वेळाने त्या म्हणाल्या. "असं वाटायचं होय कानाला." मग डोळे उघडून भांड्याकडे पाहिलं. "ते दाणे धुवावे लागतील आता. आणि उद्या तिथे केक असला तर माझ्यासाठी तुकडा आण. रूबीच्या नावाने माग."

दुसऱ्या दिवशी वाचनालय भरून गेलं. पुढच्या रांगांत मंडळाची माणसं, मागे हिकरी ग्रोव्हची जुनी मंडळी, रविवारच्या कपड्यांत. मंडळाचे अध्यक्ष, हसरे, गोरे, ‘मिस रूबी’ हे नाव तोंडात खडीसाखर घोळवावी तसं घोळवत बोलले. मिस रूबींनी दोन समाजांमध्ये पूल बांधला म्हणे. तब्येतीमुळे त्या येऊ शकल्या नाहीत याचं सगळ्यांना वाईट वाटतं म्हणे. मग ओझेलाला दोन मिनिटं दिली.

तिने बरोबर आणलेला कागद उघडलाच नाही.

"या पाटीवरच्या बाईंना मी ओळखत नाही," ती म्हणाली.

खुर्च्या करकरल्या. मागून एक म्हातारा पुटपुटला, "बोल, पोरी."

"मला मिसेस गॅड्सडेन म्हणून एक बाई होत्या. त्यांनी मला बूट दिले आणि ते दिलेत हे मला कळू दिलं नाही. त्यांनी मला धक्के खात सरळ चालायला शिकवलं. मी तेहेतीस वर्षं पूल आणि रस्ते आखायच्या कचेरीत नोकरी केली, ते गणित मला या शाळेने शिकवलेलं नाही."

"बरोबर आहे!" मागून बायकांचा आवाज आला. "सांग त्यांना!"

"या शाळेने त्यांच्या हातातला खडू काढून घेतला. तोंडही बंद केलं. तर त्या बोटाने शिकवायला लागल्या. माझ्या चुकलेल्या ओळीवर बोट ठेवायच्या. आजही कुठे काही चुकलं की मला ते बोट दिसतं." ओझेलाने पुढच्या रांगेकडे पाहिलं. "तुम्ही त्यांचा वर्ग कधी परत दिला नाहीत. माफीही मागितली नाहीत. तुमच्या रूबीचं तुम्ही बघा. माझ्या बाईंच्या वतीने मला एवढंच सांगायचं होतं."

मागच्या रांगा उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. अध्यक्ष टाय सारखा करत गायकवृंदाला खुणा करायला लागले.

ओझेला केकचा तुकडा कागदी रुमालात गुंडाळत होती तेव्हा शनीस तिला गाठायला आली. डोळे लाल होते.

"मला आधी सांगता आलं नसतं का? सगळ्यांसमोर माझं नाक कापलंत तुम्ही."

"तुझं नाही कापलं."

"पाटी मी करून घेतली, मिसेस प्रायर! म्हणजे ते नाव खोटं आहे ना? मग खरं सांगा मला. मी मंडळाशी भांडेन. नोकरी गेली तर गेली. महिन्याभरात ती काढून तिथे खरं नाव लावून दाखवते. फक्त सांगा."

पोर खोटं बोलत नव्हती. ती खरंच भांडली असती. ओझेलाच्या जिभेवर ते नाव कालपासून होतं, आणि एक क्षण तिला वाटलं सांगून टाकावं, कोरू दे भलं मोठं, वाचू दे सगळ्या गावाला. दारात दोन पोरं उभी राहून पाटी वाचत होती. "ही रूबी कोण रे?" एकाने विचारलं. "असेल कोणीतरी म्हातारी," दुसरा म्हणाला, आणि दोघं निघून गेली.

"नाही," ओझेला म्हणाली.

"पण तुम्हालाच तर बरोबर नाव हवं होतं!"

"त्यांना नकोय. ते त्यांचं आहे, पोरी. द्यायचं की नाही ते त्या ठरवणार. मी नाही, तू नाही, आणि ती पुढची रांग तर नाहीच नाही."

शनीसने नाक पुसलं.

"माझी आजी शिक्षिका होती," ती म्हणाली. "सेल्माच्या पलीकडे, खेड्यात. एम. एल. व्हिटलो. आम्ही तिला बिग मामा म्हणायचो. ती गेली तेव्हा दगडावर काय कोरायचं म्हणून कारागिराने विचारलं, तर माझ्या बाबांनाही ठाऊक नव्हतं. जन्माचा दाखला नव्हताच. सगळी ट्रंक उपसली आम्ही. एम म्हणजे काय, कोणालाच नाही कळलं. मला इतकी वर्षं त्याची लाज वाटते, मिसेस प्रायर. आपल्याच आजीला कोणी साधं नावसुद्धा विचारलं नाही."

"मग काय कोरलंत?"

"तेच. एम. एल."

ओझेलाने केकचा तुकडा जपून पर्सच्या वरच्या बाजूला ठेवला. मग दोन्ही हात मोकळे करून पोरीचे खांदे धरले.

"झकास केलंत," ती म्हणाली. "म्हणजे कोणाच्याच हाती लागलं नाही."